भावोजींची वजाबाकी

माझ्या भावोजींची गिटार तुम्ही ऐकलेली आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे. नाव ऐकलेलं नसणार. त्यात तुमची काही चूक नाही, रेकॉर्डच्या पाकिटावर ते कधी छापलंच गेलं नाही. पाकिटावर फोटो असायचा तो लांब केसांच्या, कातडी जाकिटं घातलेल्या चार पोरांचा. त्यातला जो गिटार गळ्यात अडकवून आभाळाकडे बघत उभा असायचा, त्याच्या वाटचं निम्मं काम आमच्या भावोजींनी केलेलं असायचं. तेही शर्ट नीट खोचून, खुर्चीत बसून. स्टुडिओत सगळे त्यांना 'कार्बन' म्हणायचे. कार्बन पेपरातला कार्बन.

मी त्याच स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो. काचेच्या अलीकडे बसून टेप चालवायची, मीटरच्या सुया बघायच्या, वायर सैल असेल तर शोधायची. माझा स्वभावही वायरीवाल्याचाच आहे. कुठे खरखर आली की मला भूत दिसत नाही, सैल जोड दिसतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला भोळसट म्हणाल.

भावोजी आधी वाद्यांच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाइकाला गिटार वाजवून दाखवायची. गिऱ्हाईक म्हणालं, अमक्यासारखी वाजते का, की हे अमक्यासारखं वाजवून दाखवायचे. एकदा आमच्या स्टुडिओचे मालक तिथे तारा घ्यायला गेले. त्या दिवशी एका रॉक बँडच्या गिटारवाल्याचं बोट गाडीच्या दारात चेंगरलं होतं आणि बँड हात चोळत बसला होता. मालकांनी तारांबरोबर भावोजींनाही उचलून आणलं. त्यांनी त्या गिटारवाल्याची जुनी टेप ऐकली, मग त्याला विचारलं, बसता कसे, तारा छेडायची पिक कुठे धरता, ठेक्याला कोणता पाय हलवता. आणि वाजवलं. टेप ऐकताना त्या बिचाऱ्याला आपलं कुठलं आणि यांचं कुठलं हे सांगता येईना. आधी तो हसला, मग त्याचा चेहरा उतरला. जाईपर्यंत त्याने भावोजींकडे पुन्हा पाहिलं नाही.

तेव्हा ते माझे भावोजी नव्हते. पुढे माझ्या ताईशी त्यांचं लग्न मी जमवलं आणि त्याबद्दल तिचे टोमणे अजून खातोय.

त्यांची कामाची रीत वेगळी होती. बरोबर वाजवणारे सगळे सारखेच, माणूस चुकतो तिथेच तो ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते ज्याची नक्कल करायची त्याच्या चुका आधी शिकायचे. कोण तार जरा जास्त दाबतो, कोण वर येताना घाई करतो. दिवसभर तेच करून घरी आले की अंगात थोडंसं उरायचं. एकाचं काम केलं तेव्हा ते जिना चढताना डावा पाय ओढत आले, कारण त्या गिटारवाल्याचा तो पाय लहानपणापासून अधू होता. ताईला जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून कळायचं. दार उघडायच्या आधीच ती आतून विचारायची, "आज जेवायला कोण आलंय?" आम्ही पोट धरून हसायचो. जेवण होईपर्यंत पाहुणा निघून जायचा आणि भावोजी भावोजी व्हायचे.

झोपायच्या आधी मात्र ते पलंगाच्या कडेवर बसून स्वतःचं काहीतरी वाजवायचे. अ‍ॅम्प्लिफायर नाही, काही नाही, नुसती लाकडी गिटार. एकदा ताई तापाने महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिला झोप लागावी म्हणून त्यांनी ती धून बसवली. तिला नाव नव्हतं. ताई म्हणायची, "अहो, ते आपलं वाजवा." झालं, तेच नाव पडलं. त्या धुनेत एका जागी भावोजी किंचित अडखळायचे, दाराशी बसून चप्पल शोधणाऱ्या माणसासारखे, आणि मग पुढे जायचे. ती त्यांची चूक. जगात दुसऱ्या कुणाची नाही.

आता वजाबाकीचं सांगतो. आमच्या स्टुडिओत आवाज एकत्र करायच्या मिक्सरवर एक बटण होतं. ते दाबलं की आवाज उलटा होतो. कानाला फरक कळत नाही, पण तोच आवाज सुलटा आणि उलटा एकत्र वाजवला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि शांतता होते. दोन आवाज जवळपास सारखे असतील तर जेवढं सारखं तेवढं जातं, वेगळं असेल ते उरतं. खरं सांगायचं तर एकाच माणसाने एकच सूर दोनदा वाजवला तरी भरपूर उरतं. मी भावोजींना हे गंमत म्हणून दाखवलं, एका बाजूला मूळ गिटारवाला, दुसऱ्या बाजूला तेच वाजवणारे ते. उरली ती खरखर, ओरखडे, अर्धेमुर्धे सूर. भावोजी लहान मुलासारखे खूश झाले. म्हणाले, "म्हणजे हे जे उरलं ते मी." तेव्हापासून प्रत्येक काम संपलं की बूट घालता घालता म्हणायचे, चल, वजाबाकी ऐकव. ऐकायचे, मान डोलवायचे आणि घरी जायचे. दिवसभर दुसऱ्याचं होऊन राहिलेल्या माणसाला आपण शिल्लक आहोत एवढं कळलं की पुरे असायचं.

मग काडीचं काम आलं.

काडी हा एका बँडचा गिटारवाला. आगपेटीतल्या काडीसारखा बारीक, आणि पेटायचाही तसाच. त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेत आईने दिलेली जाड चांदीची अंगठी होती. वाजवताना हात वर जाताना ती गिटारच्या लाकडाला लागायची आणि टेपवर 'टक' असा आवाज यायचा. मी त्याला सांगून सांगून थकलो की बाबा, काढ ती. तो म्हणायचा, आईने घातलीय, आईच काढेल. रेकॉर्ड अर्धी झालेली असताना तो मोटरसायकलवरून पडला आणि गेला. अंगठी खरोखर आईनेच काढली, दवाखान्यात.

कंपनीला रेकॉर्ड हवी होती. उरलेली गाणी काडीच्या हाताने वाजवायला भावोजींना बोलावलं. काडीची गिटार स्टुडिओतच होती, तारांना त्याच्या घामाचा वास. आधी हात बसावा म्हणून भावोजींनी काडीने वाजवून ठेवलेलंच एक गाणं पुन्हा वाजवलं. भर दुपार होती, पण स्टुडिओला खिडक्या नसतात, तिथे सगळ्या वेळा सारख्याच. मी हेडफोन लावून ऐकत होतो. टक. टक. टक. मी सवयीने उठलो, दार ढकलून आत गेलो आणि सवयीनेच म्हणालो, ती अंगठी काढ.

भावोजींनी हात वर केला. हात उघडा होता.

मी घड्याळ काढायला लावलं. बाही दुमडायला लावली, मनगटाजवळचं बटण आत गेलं. माइक बदलला, वायर बदलली, खुर्ची बदलली. मी खोलीत उभं राहून कान लावला की काही नाही. काचेच्या अलीकडे येऊन ऐकलं की टक. भावोजींना स्वतःला ते ऐकूच येत नव्हतं, टेप लावून दाखवल्यावर आलं.

ते म्हणाले, वजाबाकी लाव. मी एका बाजूला काडी लावला, दुसऱ्या बाजूला त्यांना, बटण दाबलं आणि टेप सोडली. काही आलं नाही. सुया तळाशी पडून होत्या. मला वाटलं मी आवाज बंद ठेवलाय. काडी एकटा लावला, वाजला. भावोजी एकटे लावले, वाजले. दोघे एकत्र, की टेपच्या स्सस् आवाजाखेरीज काही नाही. असं होत नाही. आजही कुणीही रेकॉर्डिस्ट तुम्हाला सांगेल की असं होत नाही. मी तीच टेप पुन्हा पुन्हा मागे घेत होतो. भावोजी माझ्या मागे उभे होते.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, बटण बिघडलं असेल. आयुष्यात मी यंत्रावर घेतलेला तेवढाच खोटा आळ.

त्या संध्याकाळी ताईने आतून विचारलंच नाही कोण आलंय म्हणून. भावोजी नेहमीच्या जागी न बसता काडीसारखे भिंतीकडे पाठ करून बसले, भराभर जेवले, खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत राहिले. जेवण झालं तरी पाहुणा गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ताईने मला गाठलं आणि हळूच सांगितलं की ते आपलं वाजवतात, पण आता ते अडखळत नाहीत. आणि मध्ये काहीतरी टकटक वाजतं.

रेकॉर्ड निघाली, गाजली. काडीची आई एक दिवस स्टुडिओत आली. मोठ्या आवाजात ऐकायचंय म्हणाली. शेवटची गाणी दुसऱ्या कुणी वाजवली आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, माझीही हिंमत झाली नाही. मी सगळी रेकॉर्ड लावली. हात मांडीवर ठेवून ती ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "ही शेवटची चार तो गेल्यानंतरची ना?"

मी विचारलं, कशावरून.

"आधीच्या गाण्यांत तो घाईत आहे. जन्मापासून घाईतच होता. यांत त्याला कुठे जायचं नाहीये."

मागे भावोजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण तिच्यासमोर आले नाहीत.

त्यांनी कानाला खडा लावला. गिटार कपाटावर गेली, वर चादर. ते प्रोड्यूसर झाले, म्हणजे काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी बसून 'हे ठेवा, ते पुन्हा घ्या' सांगणारे. चांगले प्रोड्यूसर होते. पोरं चकचकीत वाजवायला जायची, तर हे म्हणायचे, मघाशी चुकलास ते ठेवू, ते तुझं आहे. काही दाखवायचं झालं तर शिटी वाजवून दाखवायचे. नव्या पोरांना हा माणूस कधीकाळी गिटार वाजवायचा हे माहीतही नव्हतं. वर्षं गेली. माझे केस गेले, भावोजींचे पांढरे झाले. टेप जाऊन कॉम्प्युटर आले. घरात गाण्याचा विषय निघायचा, गिटारचा नाही. ताई कपाट पुसताना चादर न उचलता वरूनच फडकं फिरवायची.

आणि मग ताईचे कान गेले. म्हणजे जायला लागले. आधी दाराची घंटा, मग फोन, मग आमचे आवाज. डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कानांच्या नसा सुकत चालल्यात, यंत्राचा उपयोग नाही, काही महिने हातात आहेत. ताई रडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, कान जायच्या आधी मला ते आपलं एकदा ऐकायचंय. तुमचं. त्याचं नको."

भावोजींनी त्याच दिवशी गिटार खाली काढली. मी तारा बदलून दिल्या. ते वाजवायला बसले. इतक्या वर्षांनी बोटं ताठली असतील, असं मला वाटलं होतं. बोटं ताठली नव्हती. सळसळत निघाली, कुठेही न अडखळता, आणि आता मला हेडफोनशिवायही ऐकू आलं. टक. ताईने हाताने खूण केली, थांबवा. रोज प्रयत्न केला, रोज तेच. तिकडे तिचे कान दिवसादिवसाने विझत होते, आणि भावोजींची अवस्था मला बघवेना. बायकोने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि ती द्यायला यांच्याकडे स्वतःचा हात नव्हता.

शेवटी तेच म्हणाले की आपण काडीच्या आईकडे जाऊ. अंगठी मागू. काडी ती अंगठीच शोधत असेल, तर मिळाली की बसेल गप्प. मी म्हणालो, भावोजी, तुम्ही प्रोड्यूसर आहात की मांत्रिक. पण गाडी काढली.

काडीची आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, आता खूप म्हातारी झाली होती. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ, पडदे ओढलेले. कोपऱ्यात काडीची गिटार उभी होती, तिच्यावर धुळीचा कण नाही. भावोजींनी पहिल्यांदाच तिला खरं सांगितलं, शेवटची चार गाणी मी वाजवली. तिने मान हलवली. मला माहीत होतं कुणीतरी असणार, म्हणाली, पण ऐकताना तसं वाटलं नाही. मग तिने गळ्यातल्या दोऱ्यातून अंगठी काढली आणि स्वतः त्यांच्या बोटात घातली. म्हणाली, वाजवा.

त्यांनी काडीची गिटार घेतली आणि ते आपलं वाजवायला सुरुवात केली. अंगठी लाकडाला लागताना मला दिसत होती, हात वर गेला की दर वेळी. आवाज होत नव्हता. आणि त्या जागी येऊन भावोजी अडखळले, जसे पूर्वी अडखळायचे, अगदी तेवढेच. मी तोंड फिरवून घेतलं. मला रडू आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

"हा तो नाही," मावशी म्हणाली. "हे तुम्ही." आणि मग म्हणाली, "आता काढा ती."

अंगठी काढून ते पुन्हा वाजवू लागले. टक. टक. मावशीने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, ते मी ऐकलं नाही आणि ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पडदे ओढलेल्या त्या खोलीत आम्ही तीन माणसं होतो आणि मला कितीदा तरी वाटलं की मोजायला चुकतोय.

तिने अंगठी एका दिवसासाठी दिली. बदल्यात भावोजींनी दर आठवड्याला यायचं, अंगठीशिवाय, आणि तिच्या मुलाला वाजवू द्यायचं. भावोजींनी क्षणभरही विचार केला नाही.

ताईला आम्ही स्टुडिओत नेलं. तिथे बाहेरचा एकही आवाज येत नाही, तिच्या उरल्यासुरल्या कानांना तेवढंच सोपं. मी सगळ्यात चांगले हेडफोन तिला लावले आणि आवाज होता तेवढा वाढवला. भावोजी काचेपलीकडे तिच्याकडे तोंड करून बसले, बोटात दुसऱ्याची अंगठी. ते आपलं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. ती जागा आली तेव्हा ताई हसली, आणि अडखळणं संपायच्या आत तिने मान डोलवली, हां, मिळाली चप्पल, अशा अर्थाने. झाल्यावर ती एवढंच म्हणाली की पुन्हा नको, आता हेच राहू दे. अंगठी आम्ही त्याच संध्याकाळी परत केली. पुढच्या महिन्यात ताईचे कान पूर्ण बंद झाले.

भावोजींनी शब्द पाळला. मावशी असेपर्यंत एकही आठवडा चुकवला नाही. ती गेली तेव्हा अंगठी तिच्या गळ्यात होती आणि तशीच तिच्याबरोबर गेली. मी भीतभीत विचारलं, आता काय. ते म्हणाले, आता तो कुठे जाणार. ती होती, तोवर आठवड्यातून एकदा त्याला घर होतं.

ताईला ऐकवलं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. भावोजींचं स्वतःचं असं जगात तेवढंच. मी कधीमधी लावतो. त्यातून वजा करायला दुसरं काही नाही, म्हणून सगळंच्या सगळं उरतं.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. भावोजी पलंगाच्या कडेवर बसून वाजवत होते आणि ताई शेजारी बसून गिटारच्या लाकडावर तळहात ठेवून होती. ऐकू येत नसलं तरी लाकूड थरथरतं ते तिला कळतं. सूर सळसळत जात होते, कुठेही न अडखळता. थोड्या वेळाने तिने हात उचलला, भावोजींच्या चेहऱ्याकडे बघितलं, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ती ताटं घेत होती, तीन. मी तिच्या समोर जाऊन हाताने खूण केली, माझं नको, मी जेवून आलोय.

ताईने तिसरं ताट पुसून टेबलावर ठेवलं. "तुझं नाहीये ते," ती म्हणाली.